महानंदानं निवडलेली शाळा

फोन आला तेव्हा मी लातूरला मुलाच्या क्लासच्या बाहेर उभी होते. दुपारची बॅच सुटायची वेळ होती. माझ्यासारख्याच पंधरा-वीस आया आणि काही वडील रस्त्याच्या कडेला उभे, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी आरती. नांदेडहून." मी म्हटलं, "अगं बोल की, आई कशी आहे?" ती वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तशा सरळ आवाजात म्हणाली, "आई वारली मॅडम. परवा. ताप आला होता. तुमचा नंबर तिच्या फोनात होता म्हणून सांगितलं." मी काय बोलले ते मला आठवत नाही. तेवढ्यात गेट उघडलं, मुलं बाहेर आली, माझा मुलगा येऊन शेजारी उभा राहिला आणि "चल ना आई" म्हणाला. मी चालायला लागले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की आपण घराच्या उलट्या दिशेनं चाललोय.

त्याला आता दीड महिना झाला. महानंदा माझ्या दोन विद्यार्थिनींची आई, नात्यानं म्हणाल तर एवढंच. वय तेहतीस-चौतीस. माहेर कंधारकडचं. नवरा बालाजी नांदेडच्या मोंढ्यात हमाली करायचा आणि ती हळदीच्या आडतीवर निवडायला जायची. शाळा तिला दुसरीपर्यंत मिळाली. सही करायची, आकडे वाचायची, पण अक्षरं जुळवून शब्द वाचणं तिला जमायचं नाही. सगळ्यांशी बोलताना ती आधी समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची, मग खाली बघून थोडा विचार करायची आणि मग बोलायची. तिच्या त्या थांबण्याची मला पुढं पुढं थोडी भीती वाटू लागली होती, कारण त्यानंतर ती जे विचारायची त्याला माझ्याकडं उत्तर नसायचं.

मी तेव्हा नांदेडच्या कडेच्या एका वस्तीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. शहर वाढत वाढत त्या जुन्या गावाला येऊन भिडलं होतं आणि भोवती पत्र्याच्या घरांची मोठी वस्ती झाली होती. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढं शेड आणि आम्ही दोघं शिक्षक. दर मे महिन्यात आम्ही घरोघर फिरायचो, पहिलीला कोण येणार याची यादी करत. पट कमी झाला तर शाळा जवळच्या शाळेत घालतील ही धास्ती कायम. उन्हाच्या आत निघायचं, दारं वाजवायची आणि नकार ऐकायचे. कुणी म्हणायचं, इंग्लिश शाळेची गाडी गल्लीच्या तोंडाशी येते. कुणी म्हणायचं, घरमालकाची पोरं तिथं जातात, तो म्हणाला घाला. एकीनं मला टाय दाखवला होता, लहानसा, इलॅस्टिकचा, लाल. "हे घातलं की लेकरू कसं साहेबावानी दिसतं बाई." तिच्या नवऱ्यानं आयुष्यभर डोक्यावर पोती वाहिली होती. तिला मी काय समजावणार? कितीतरी घरांत मुलगा इंग्लिश शाळेत आणि मुलगी आमच्याकडं. माझ्या वर्गात डोळे मिटून मोजलं तरी मुली जास्त निघाल्या असत्या.

महानंदाच्या दारात मी पहिल्यांदा गेले ती अशाच एका मे महिन्यात. तिला दोन्ही मुली. मोठी आरती तेव्हा दुसरी पास झालेली, धाकटी वैष्णवी पायात घुटमळणारी. तिनं मला पाणी दिलं आणि अभिमानानं सांगितलं, "आमची आरती इंग्लिसला हाय." सासूचा विरोध होता, पोरीला कशाला एवढं म्हणून. महानंदानं ऐकलं नव्हतं. दुकानांच्या वर तीन खोल्यांत भरणारी ती शाळा होती. आरतीनं माझ्यासमोर हात मागं बांधून एक इंग्रजी कविता म्हणून दाखवली, न अडखळता. महानंदा तिच्याकडं बघत होती. मी "छान" म्हणाले आणि यादीत त्या घरापुढं फुली मारली.

पुढच्या दिवाळीनंतर ती माझ्या शाळेत आली. आत नाही, खिडकीबाहेर. मी तिसरी-चौथीला वाचन घेत होते, बघते तर भिंतीला टेकून एक बाई उभी. मी विचारलं, "कुणाकडं आलात?" ती म्हणाली, "कुणाकडंच न्हाई. तुमी शिकवा." दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आडतीवर तेव्हा माल कमी होता, तिला काम नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी तिला शेडमध्ये बसवलं आणि तिनं सांगितलं ते असं... भाऊबीजेला ती दोन्ही मुलींना घेऊन माहेरी निघाली होती. स्टँडवर गर्दी. "दरवेळी मी कुणाला तरी इचारते बाई, कंधारची गाडी कोणती म्हणून. त्या दिवशी मुद्दाम न्हाई इचारलं. म्हणलं, आपलं लेकरू तिसरीत हाय, तेच वाचंल. आरती म्हणली, आई, ही बग कंधार. बसलो आमी. गाव गेलं, दुसरं गाव आलं, मला वळखू येईना. कंडक्टर म्हणला, बाई, ही तर देगलूरची गाडी." ती थोडं हसली. "मला वाटलं, पोरगी चेष्टा करून राहिली. मग मी तिला खाली उतरल्यावर दुकानाची पाटी दाखवली, ही वाच म्हणलं. तिला येईना. इंग्लिसची पाटी दाखवली, ती बी येईना. लई रडली. मला म्हणली, आई, मला वाचता येत न्हाई, मला पाठ येतं."

त्या दिवसापासून महानंदा शाळा बघत फिरत होती. कामावर जाता-येता, सुट्टीच्या दिवशी, चार-पाच शाळांच्या बाहेर जाऊन ती उभी राहिली होती. एका ठिकाणी वॉचमननं हाकललं. एका ठिकाणी बाई खुर्चीत बसून फोन बघत होत्या आणि पोरं फळ्यावरचं उतरवून घेत होती. तिची एक कसोटी होती. मी नंतर अनेक प्रशिक्षणांत बसले पण तिच्याइतकी सोपी कसोटी तिथं कुणी सांगितली नाही. "मी एवढंच बगते, की बाई लेकराला नावानं हाक मारती का. सगळ्या लेकरायला. का निस्तं पुढं बसल्याल्या चार जणायला." तीन दिवस ती माझ्या खिडकीबाहेर तेच ऐकत होती. मग तिनं खाली बघितलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "बाई, तुमचं लेकरू कुठं हाय?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता असं नाही. पण लोक तो टोमणा म्हणून विचारत आणि मग माझ्याकडंही एक ठरलेलं हसणं असे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेचं नाव सांगितलं. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. ती म्हणाली, "चांगली असंल मग," आणि उठून गेली. त्या दिवशी मी उरलेले तास कसे घेतले ते माझं मला माहीत.

जूनमध्ये तिनं आरतीला माझ्याकडं चौथीत घातलं. वस्तीत बायका तिला हसल्या. इंग्लिस झेपली न्हाई, आली जिल्हा परिषदेत. बालाजीही आठवडाभर नीट बोलला नाही. आरती पहिले दोन महिने बाकावर मान खाली घालून बसायची. दहा वर्षांची पोर पहिलीतल्या मुलांबरोबर अक्षरं गिरवते, याची तिला लाज वाटायची, म्हणून मी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेऊ लागले. महानंदा कामावरून परस्पर यायची आणि शेडमध्ये वैष्णवीला मांडीवर घेऊन बसायची. आम्ही आत वाचायचो, ती बाहेर ऐकायची. संक्रांतीच्या आसपास आरती एक अख्खी गोष्ट वाचून गेली, मध्ये न थांबता. मी बाहेर आले तर महानंदा पदर तोंडाला लावून बसलेली. दुसऱ्या दिवशी कागदात बांधून घरची कुटलेली हळद घेऊन आली.

त्याच हिवाळ्यात वैष्णवीच्या पहिलीचा विषय निघाला. खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी काही जागा राखीव असतात, ऑनलाइन फॉर्म भरायचा, सोडत निघते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती मला विचारायला आली, "भरू का बाई? तुमच्या लेकराच्या शाळंचा?" आमच्या पटाला एकेक मूल लागत होतं. त्या वर्षी पहिलीच्या यादीत मोजून सात नावं होती. मी म्हटलं, भरा, पण सोडतीचा भरवसा नसतो. आणि लगेच पुढं म्हटलं, "माझ्याकडं घाला वैष्णवीला. चौथीपर्यंत मी आहे. तिला माझ्यावर सोडा." हे वाक्य मी ज्या सहजतेनं बोलले ती मला आता सहन होत नाही. कारण त्याच महिन्यात मी लातूर जिल्ह्यात बदलीसाठी अर्ज भरला होता. माझं माहेर चाकूरचं, सासरही तिकडचंच, आणि मुलगा दहावी झाला की त्याला लातूरला क्लासला ठेवायचं हे घरात ठरलेलं होतं. यादीत माझं नाव इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, एवढंच मी माझ्या बाजूनं म्हणू शकते. पण अर्ज भरलेला होता आणि मी तिला ते सांगितलं नाही.

दाखल्यांसाठी ती उन्हात खूप फिरली. उत्पन्नाचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा, आधारवरच्या नावात एक अक्षर चुकलेलं. आडतीवरचे तिचे कितीतरी रोज बुडाले. मे महिन्यात मी तिला विचारलं, "त्या फॉर्मचं काय झालं?" ती नळावर हंडा भरत होती. मान न वळवता म्हणाली, "न्हाई लागला नंबर." मला बरं वाटलं. हेही लिहूनच टाकते, मला बरं वाटलं. शाळा उघडली त्या दिवशी ती वैष्णवीच्या दोन वेण्या घालून, नवी रिबन बांधून सगळ्यांत आधी येऊन उभी होती.

वैष्णवी फार हुशार निघाली. पहिलीतच ती दिसेल ते वाचायला लागली. खडूच्या खोक्यावरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, माझ्या पर्समधल्या औषधाच्या पाकिटावरचं. महानंदा पालकसभेला यायची तेव्हा शेवटी बसायची, पण मी काही बोलले की बाकीच्या बायका तिच्याकडं बघायच्या. तिनं मान हलवली की त्यांना पटायचं. पुढच्या वर्षासाठी तिनं स्वतः फिरून तीन घरांतली मुलं आमच्याकडं वळवली. आणि त्या वर्षाच्या शेवटी माझ्या बदलीचा आदेश आला.

मी तिला घरी जाऊन सांगितलं. ती भाकरी करत होती. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली, उतरवली. मग म्हणाली, "जा बाई. लेकरासाठी जावंच लागतं." एका शब्दानं ती मला बोलली नाही. माझ्या जागेवर नवीन शिक्षक येईल असं मी तिला सांगितलं. तो आला नाही. दोन खोल्या आणि चार वर्ग माझ्या सहकारी गुरुजींवर पडले. ते निवृत्तीला आलेले, निम्मा वेळ माहिती भरण्यात आणि बैठकांत जायचा.

श्रावणात एका रविवारी ती लातूरला आली. न कळवता. वैष्णवीला घेऊन, नांदेडहून साडेतीन तास एसटीत उभं राहून. स्टँडवरून फोन केला, "बाई, आमी आलोत, कुठं यायचं?" आमचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं. मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, तो आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेला. मी त्या दोघींना बाहेर जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि हळू आवाजात बोलत राहिले. चहा दिला, पोहे दिले. जेवायला थांबा म्हणाले, पण ते म्हणतानाही माझं लक्ष आतल्या दाराकडं होतं आणि तिला ते दिसलं असणार. वैष्णवीनं जिन्यात पडलेला पेपर उचलून वाचायला घेतला. महानंदा म्हणाली, "तुमी शिकवलं तेवढंच हाय बगा तिच्याकडं. त्याच्या पुढं न्हाई गेलं. दिसभर बसून राहती. गुर्जी तरी काय करतील, एकटा माणूस." मग ती थांबली, खाली बघितलं. "आता हिला कुठं घालू बाई? तुमी सांगाल तिथं घालते."

मला त्या क्षणी काय सांगता आलं असतं? नांदेडला माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या शिक्षिका होत्या. एक फोन केला असता तर वैष्णवीला महिनाभरात दुसऱ्या शाळेत बसवता आलं असतं. मी म्हटलं, "हे वर्ष राहू द्या तिथंच. मध्येच कशाला हलवता. पुढच्या वर्षी बघू." ती "हाव" म्हणाली. अर्ध्या तासात दोघी उठल्या. मी कोपऱ्यापर्यंत गेले, ऑटोत बसवून दिलं आणि परत आले. मुलानं आतून विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, जुन्या शाळेतले पालक.

दसऱ्याच्या आधी तिला ताप आला. आडतीवरचा रोज बुडू नये म्हणून तिनं तीन दिवस अंगावर काढला. चौथ्या दिवशी उभं राहवेना तेव्हा बालाजीनं दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. शुद्धीत होती तोवर, आरतीनं सांगितलं, ती एवढंच विचारत होती की दोघी शाळेत गेल्या का.

फोन आला त्या आठवड्यातल्या रविवारी मी नांदेडला गेले. वस्तीत शिरताना बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. बालाजी भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, अंगानं अर्धा झालेला. वैष्णवी माझ्याजवळ आली नाही. ती महानंदाच्या सासूबाईंच्या मागं उभी राहून माझ्या चपलांकडं बघत होती. घरात आता सगळं आरती करत होती. सहावीतली पोर. तिनं माझ्यापुढं पाणी ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, वैष्णवीला दिवाळीनंतर दुसऱ्या शाळेत घालायचंय. मी बघून आले. माझ्या शाळेच्या वाटंवरच हाय. मी दोन दिवस बाहेर उभी राहिले." मी विचारलं, "मग?" "बाई नावानं हाक मारतेत. सगळ्यांला." मला तिच्याकडं बघवेना.

दाखल्यासाठी कागद काढायचे होते. बालाजीनं उठून पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "सगळं तिनंच ठेवलंय मॅडम. मला यातलं कायी समजत न्हाई. तुमीच बगा." जन्माचे दाखले, आधार, उत्पन्नाचा दाखला, आरतीच्या चौथीचं प्रगतिपुस्तक, लसीकरणाची कार्डं, सगळं घड्या घालून, प्रत्येक मुलीचं वेगळं. वैष्णवीच्या कागदांत सगळ्यात खाली नेट कॅफेतून काढलेला एक छापील कागद होता. मी उघडला. राखीव जागांच्या सोडतीतून निवड झाल्याचं पत्र होतं ते. वैष्णवीचं पूर्ण नाव, बालाजीचा मोबाइल नंबर, इयत्ता पहिली. आणि शाळेचं नाव. माझा मुलगा दहावीपर्यंत शिकला ती शाळा. प्रवेश घेण्याची मुदत त्या वर्षीच्या मे महिन्यातली, मी तिला नळावर विचारलं होतं त्याच्या दोन-तीन दिवस पुढची. म्हणजे तेव्हा मुदत शिल्लक होती.

आरती शेजारीच बसली होती. मी कागद तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "मला माहीत हाय मॅडम. मेसेज मीच वाचून दाखवला होता. आमी दोघींनी जाऊन ह्यो कागद काढला." मी विचारलं, "मग घातलं का नाही तिथं?" आरतीनं थोडा वेळ खाली बघितलं. "आईनं मला इचारलं, तुला वाचायला कुणी शिकवलं? मी म्हणलं, मॅडमनं. मग तिनं कागद घडी करून ठेवला. म्हणली, बाईला सांगू नको. त्यायला वाटंल आपण उपकार करून राहिलो."

बाहेर नळाला पाणी आलं होतं, हंडे वाजत होते. सासूबाई वैष्णवीला घेऊन बाहेर गेल्या. बालाजी माझ्याकडं बघत होता, त्याला वाटलं कागदात काही अडचण आहे. "कामाचा हाय का मॅडम त्यो?" त्यानं विचारलं. "नसंल तर काढून टाकतो."

मी म्हटलं, "मुदत संपली आहे त्याची."

आरतीनं माझ्या हातातून कागद घेतला, होत्या त्याच घड्यांवर मुडपला आणि वैष्णवीच्या दाखल्यांखाली परत ठेवला.